मायएसक्यूएलच्या कॉन्फिग फाइल्स उडाल्या आणि पॅकेज अर्ध्यावर अडकलं: माझा अनुभव

उबुंटू 22.04 या लिनक्सवर मायएसक्यूएल 8.0 हा डेटाबेस सर्व्हर पुन्हा टाकत होतो. इन्स्टॉल शेवटाकडे येऊन अडकलं. 'डीपीकेजीने एरर कोड 1 दिला' या शेवटच्या ओळीवरून काहीच कळत नाही (डीपीकेजी म्हणजे उबुंटूवर पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम). खरी ओळ बरीच वर होती: अपडेट-अल्टरनेटिव्हजला (एका नावामागे खरी फाइल कुठली वापरायची हे ठरवणाऱ्या प्रोग्रामला) '/ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ.फॉलबॅक' ही फाइल सापडत नव्हती.

जुना सर्व्हर काढताना '/ईटीसी/मायएसक्यूएल' हा फोल्डर हाताने डिलीट झाला होता. पॅकेज पुन्हा टाकलं की फाइल्स आपोआप येतील असं वाटतं, पण तसं होत नाही. कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइल्सची नोंद डीपीकेजी चेकसमसकट (मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यासकट) वेगळी ठेवतो. नोंद आहे आणि फाइल नाही, म्हणजे ती ॲडमिनने जाणूनबुजून काढली, असं तो धरून चालतो आणि त्या निर्णयाचा मान राखतो. म्हणून कितीही वेळा रीइन्स्टॉल केलं तरी तीच एरर येत राहते.

काहीही करण्याआधी सर्व्हर बंद करून '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' या डेटाच्या फोल्डरची पूर्ण कॉपी घेतली, 'सीपी -ए' ने, म्हणजे मालकी आणि परवानग्या टिकतात. या अवस्थेत पर्ज, म्हणजे कॉन्फिगसकट पॅकेज पुसून काढणं, करू नका. पर्ज करताना डेटाबेसही पुसायचे का असं विचारलं जातं, आणि घाईत चुकून 'हो' दाबलं जातं.

मग 'डीपीकेजी -एल' (स्मॉल एल) च्या यादीतला पहिला रकाना पाहिला. 'आयआय' म्हणजे ठीक, 'आयएफ' म्हणजे कॉन्फिगर होताना फसलेलं, 'आरसी' म्हणजे पॅकेज काढलंय पण कॉन्फिगची नोंद शिल्लक. कुठली फाइल कोणाची हे 'डीपीकेजी -एस' (कॅपिटल एस) आणि पूर्ण पाथ देऊन कळतं. फाइल डिस्कवर नसली तरी चालतं. फॉलबॅकवाली फाइल मायएसक्यूएल-कॉमनची निघाली, आणि 'मायएसक्यूएल.सीएनएफ' मायएसक्यूएल-सर्व्हर-8.0 ची.

ॲप्ट (पॅकेजेस उतरवून डीपीकेजीकडे देणारा प्रोग्राम) अडकलेला असल्याने 'ॲप्ट डाउनलोड' ने दोन्ही पॅकेजेस उतरवून घेतली आणि 'डीपीकेजी -आय --फोर्स-कॉन्फमिस' ने टाकली, आधी कॉमन, मग सर्व्हर. हा पर्याय फक्त गायब फाइल्स परत आणतो, बदललेल्या फाइल्सना हात लावत नाही. त्यानंतर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवलं. 'डेबियन.सीएनएफ' मात्र यातून येत नाही, कारण ती कुठल्याच पॅकेजमध्ये नसते. इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट ती तयार करते.

'टच' या कमांडने रिकामी फाइल बनवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने एरर जाते, पण माझा त्याला ठाम विरोध आहे. 'मायएसक्यूएल.सीएनएफ' मध्ये कामाच्या दोनच ओळी असतात, 'कॉन्फ.डी' आणि 'मायएसक्यूएल.कॉन्फ.डी' हे फोल्डर वाचायला सांगणाऱ्या. ती रिकामी असली की 'मायएसक्यूएलडी.सीएनएफ' वाचलीच जात नाही. उबुंटूने बाइंड-ॲड्रेस (सर्व्हर कुठल्या पत्त्यावर कनेक्शन घेतो तो) 127.0.0.1, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, ठेवलाय तो त्याच फाइलमध्ये. तो नसला की मायएसक्यूएल स्वतःच्या डिफॉल्टवर जातो आणि सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर 3306 पोर्ट उघडतो. सर्व्हर सुरळीत चालू दिसतो आणि फायरवॉल नसेल तर बाहेरच्या जगाला उघडा असतो. म्हणून शेवटी 'एसएस -एलटीएन' ने पोर्ट पाहायचाच: 3306 च्या आधी 127.0.0.1 दिसलं पाहिजे, तारांकन नव्हे.

पॅकेज नीट बसूनही सर्व्हर उठला नाही, तर दोन गोष्टी आधी बघा. '/व्हार/लॉग/मायएसक्यूएल' हा फोल्डरही साफसफाईत गेलेला असतो. तो मायएसक्यूएल युजर, एडीएम ग्रुप आणि 750 परवानगीने पुन्हा बनवावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त फसवी: जुन्या कॉन्फिगमध्ये 'लोअर_केस_टेबल_नेम्स' (टेबलांच्या नावांत लहान-मोठी अक्षरं कशी धरायची ते ठरवणारं सेटिंग) 1 होतं आणि परत आलेल्या फाइलमध्ये ते नाही, तर 8.0 जुना डेटा उघडायला साफ नकार देतो. एरर लॉगमध्ये ही तफावत स्पष्ट लिहिलेली असते. तीच किंमत पुन्हा लिहायची, डेटा नव्याने बनवायचा नाही. बफर पूल (डेटासाठी राखलेली मेमरी), कनेक्शनची मर्यादा असे आपले बाकीचे बदल बॅकअपमधून एकेक करून घ्यावेत आणि दर बदलानंतर 'मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग' चालवावं. हा पर्याय 8.0.16 पासून आहे. चूक असेल तर सर्व्हर रीस्टार्ट न करताच दाखवतो.