आधी उसवणे

परवा दुपारी माझ्या मुलीने आपल्या लेकीला शिवण शिकवायला घेतले आणि सुरुवात म्हणून तिच्या हातात सुई-दोरा न देता माझा एक विटका परकर आणि बारीक टोकाची कात्री दिली. "आधी हा उसव," एवढेच ती म्हणाली. मला गंमत वाटली, कारण हाच धडा मी तिला दिला होता, मला आईने दिला होता आणि आईला आजीने. मात्र क्रम असाच असतो, असे आमच्यापैकी कुणी कुणाला कधी सांगितलेले नाही.

उसवण्याचीही एक रीत असते. यंत्रावरची टीप दोन दोऱ्यांची, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला; म्हणून एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायचा, कापड उलटे करायचे आणि मागचा दोरा हलकेच ओढायचा, की तो अखंड हातात येतो. कापडाला भोक पडले, तर घाई झाली असे समजावे. शिवण उघडली, की आत दुमडून राहिलेल्या पट्टीवर कापडाचा मूळ रंग दिसतो. माझा परकर गर्द जांभळा होता, हे मी स्वतःच विसरले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी माजघरात गोधडी घाले तेव्हा हे काम आम्हा नातींकडे असे. खाली जुने नऊवारी लुगडे ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, अडकित्ता असे जे जड मिळेल ते ठेवायचे आणि त्यावर आम्ही उसवून सपाट केलेले सदरे, परकर, फ्रॉक यांचे तुकडे मांडायचे. सदऱ्याची बाही उसवल्यावर तिचा आकार घंटेसारखा निघतो, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ ती बाही पुन्हा खांद्याला लावून पाहत बसले होते. कपडा कसा बेततात ते मला पुढे वर्गात कागदावर शिकवले गेले. ते कळले मात्र त्या माजघरात. सुई हातात आल्यावर आम्हाला धावदोरा घालायला मिळे. आमचे वेडेवाकडे टाके आजीने कधीही काढले नाहीत, कारण आमची बाजू नेहमी पायाकडची असे.

तिचे नियम तुमच्याही घरी असतीलच. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, तिन्हीसांजेला सुई धरायची नाही, सुई हातातून हातात न देता खाली ठेवायची आणि दुसरीने ती उचलायची, अंगावरच्या कपड्याला बटण लावायचे तर तोंडात काडी धरायची. यांतले हातभर दोऱ्याचे मला पटते, कारण लांब दोऱ्याला गाठी पडतात. बाकीचे पटत नाही, तरी मी ते पाळते. माझी स्वतःची खोड वेगळी आहे. लग्नकार्यात एखादीने नवी साडी कौतुकाने दाखवली, की मी पदर आणि काठ बघायच्या आधी फॉलचे टाके वरून दिसतात का ते बघते आणि दिसले तर त्या साडीबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघत नाही.

आमच्या घरी पायमशीन आले ते आईच्या वेळी, आणि आजीला ते फारसे आवडले नाही. गांधीजींनी मात्र १९२४ साली यंत्रांविरुद्ध बोलताना शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केले होते. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरसाहेबांचा संसार एकाच वेळी किती घरांत चालू असे, हे त्यांच्या कानावर गेले नसावे.

आजीची नावड यंत्रावर नव्हती, हे मला फार उशिरा कळले. तिची थोरली बहीण ऐन विशीत विधवा झाली आणि पदरात मूल घेऊन पुण्याच्या सेवासदनात गेली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत ती शिवण शिकली आणि पुढे जन्मभर लोकांच्या चोळ्या, झबली, टोपडी शिवून तिने मुलाला वाढवले. आजीच्या लेखी मशीन म्हणजे ती बहीण, तिची वाकलेली पाठ आणि रात्रीची चिमणी. तरीही, किंवा त्यामुळेच, घरातल्या प्रत्येक मुलीला तिने सातव्या-आठव्या वर्षी उसवायला बसवले. आम्ही तिला हौस समजत होतो. "असू द्यावे हातात काहीतरी," असे ती म्हणे तेव्हा पुढचे वाक्य ती गिळत असे आणि ते विचारण्याचे आमचे वय नव्हते.

माझ्या भावांना तिने कधी कात्री दिली नाही आणि त्यांनीही ती मागितली नाही. त्यांची बटणे आधी आईने लावली, मग वहिन्यांनी. धाकटी वहिनी गेल्यापासून धाकटा भाऊ टी-शर्टच घालतो.