बुलेटचा क्लच: सुटत नव्हता, म्हणूनच घसरत होता

गाडी १९८४ची एन्फिल्ड बुलेट ३५०, स्टँडर्ड. कास्ट आयर्न इंजिन, आल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा चार गिअरचा बॉक्स, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. इंग्लंडमधल्या रेडिचच्या, म्हणजे मूळ रॉयल एन्फिल्ड कारखान्याच्या आराखड्यावरून १९५५पासून मद्रासला जी बुलेट जुळायला लागली त्याच घराण्यातली ही. त्यामुळे खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं चार गिअरच्या कुठल्याही जुन्या बुलेटला लागू पडावं.

तक्रारी दोन होत्या आणि वरवर पाहता एकमेकींच्या उलट. सकाळी पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज, गाडी क्लच धरलेला असतानाच पुढे सरकते, आणि गरम झाल्यावर सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. दुसरीकडे वाईहून पसरणी घाट चढताना तिसऱ्यात थ्रॉटल दिला की इंजिन ओरडतं, वेग मात्र तेवढाच. म्हणजे क्लच घसरतोय. एकच क्लच सुटतही नाही आणि धरतही नाही, असं झालं की बहुतेक गॅरेजात एकच उत्तर मिळतं: प्लेटांचा नवा सेट टाका. गाडी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने नुकताच तो टाकलेला होता. तरी दुखणं तसंच.

सुरुवात केबलपासून केली, कारण तिथे काहीही न खोलता कळतं. क्लच लिव्हरला मोकळी हालचाल शून्य. बुलेटला केबलमध्ये साधारण दीड ते दोन मिलिमीटर ढील लागतेच. ती नसेल तर पुशरॉड (क्लच सोडवणारा आतला दांडा) प्लेटा दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला कायम थोडा रेटत राहतो, स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांवर पडत नाही आणि भार आला की क्लच घसरतो. केबलचे दोन-तीन पदर लिव्हरजवळच्या निपलपाशी तुटलेले होतेच, म्हणून नवी केबल आतून तेल सोडून टाकली. टाकीखालून नेताना तिला कुठेही तीव्र वळण बसू दिलं नाही. मग गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूचं छोटं इन्स्पेक्शन कव्हर काढून आतला लॉकनट सैल केला, मधला स्क्रू रॉडला टेकेपर्यंत आत घेतला, अर्धा आटा मागे आणून पुन्हा आवळला. बाहेर दोन मिलिमीटर ढील ठेवली.

घाटात घसरणं थांबलं. पण पहिल्या गिअरचा खाडकन आवाज दुप्पट झाला.

माझ्या मते सगळं कोडं इथेच सुटलं. मूळ रोग एकच होता, क्लच न सुटण्याचा. तो झाकायला कुणीतरी केबल ताणत ताणत ढील संपवली आणि त्या ताणाने क्लच घसरायला लागला. रोग रेड्याला, औषध पखालीला. नव्या प्लेटा त्यामुळेच करपल्या असणार. तेव्हा क्लच घसरतोय म्हणून प्लेटा मागवण्याआधी लिव्हरची ढील बघा, एवढं मी प्रत्येक बुलेटवाल्याला कळकळीने सांगेन.

आता प्रायमरी, म्हणजे इंजिनापासून क्लचपर्यंतची चेन आणि तिची डावीकडची केस. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला केलं, खाली ट्रे ठेवला, मधला एकच नट काढला आणि रबरी हातोडीने कव्हर हलकेच ठोकून सोडवलं. तेल काळंकुट्ट, करपल्याचा वास. चेन हाताने वरखाली केली तर बोटभर ढिली, तिथे पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास हवी. स्प्रिंगांचे स्क्रू, त्यांच्याखालच्या नळ्या, प्रेशर प्लेट, मग प्लेटा, असं एकेक काढून त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवलं.

लोखंडी प्लेटा काचेच्या तुकड्यावर ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) फिरवला. एका प्लेटखाली ०.२५ मिलिमीटरचं पातं सहज गेलं. एवढी वाकलेली प्लेट कितीही ओढलं तरी शेजारणीला कुठेतरी टेकणारच, म्हणून ती बाद. पुशरॉड काचेवर लोळवला तर सरळ होता, पण एक टोक ठोके खाऊन खिळ्याच्या डोक्यासारखं पसरलेलं. त्याच्यासोबत गिअरबॉक्समधलं ग्रीसही मेनशाफ्टच्या पोकळीतून क्लचपर्यंत आलेलं. नवा रॉड घेतला आणि ग्रीस अडवणारं सीलही बदललं.

खरा गुन्हेगार मात्र क्लचचा बाहेरचा ड्रम निघाला. फायबर प्लेटांचे दात ड्रमच्या खाचांत बसतात आणि क्लच सोडताना त्यांनी त्या खाचांतून बाहेरच्या दिशेने सरकायचं असतं. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी खाचांच्या भिंतींवर प्रत्येक दाताने आपापला खड्डा कोरून ठेवला होता. प्लेट त्या खड्ड्यात अडकली की प्रेशर प्लेट सरकते, ही सरकत नाही. नख फिरवलं की पायऱ्या लागत होत्या. प्लेटांचे दहा सेट बदलले असते तरी हे गेलं नसतं.

ड्रम जागेवर ठेवून कानस मारायची नाही, हे पक्कं. लोखंडाचा बारीक कीस बेअरिंगमध्ये जातो, आणि याच केसमध्ये वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरचा फिरणारा भाग, रोटर, आहे, म्हणजे लोहचुंबक. तो कीस शोधून शोधून ओढून घेतो. म्हणून स्टेटर (आल्टरनेटरचा स्थिर भाग), रोटर, मग इंजिन स्प्रॉकेट, चेन आणि क्लच हे तिन्ही एकत्रच बाहेर काढले. चेनला जोड नसतो, वेगळे निघत नाहीत. मधला नट सोडताना हब, म्हणजे क्लचचा आतला भाग, धरायला बाद झालेल्या प्लेटेला पट्टी वेल्ड करून हत्यार केलं. रोटर फडक्यात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवला.

मग चपटी, बारीक दाताची कानस आणि संथ हात. खड्डे पूर्ण नाहीसे करण्याच्या मागे लागलो नाही. वर आलेली धार काढली, पायरीचा चढ मोडला, आणि सगळ्या खाचांत सारखंच काम राहील हे जपलं, नाहीतर पुढे भार एकाच दातावर येतो. खड्डे याहून खोल असते तर ड्रम बदलायलाच लागला असता. प्लेटांच्या दातांवरचे काटेही तसेच काढले. शेवटी रॉकेलने दोनदा धुतलं.

जोडणीत सर्वांत जास्त वेळ स्प्रिंगांनी घेतला आणि तो सार्थकी लागला. या क्लचमध्ये स्क्रू नळ्यांवर घट्ट टेकेपर्यंत आवळायचे असतात. काही जण प्रेशर प्लेट सरळ उचलावी म्हणून एखादा स्क्रू सैल ठेवतात, ते मला बिलकूल पटत नाही; तो कधीतरी सुटून केसमध्ये पडणार. त्याऐवजी व्हर्नियरने प्रत्येक स्प्रिंगची मोकळी लांबी मोजली. आखूड पडलेल्या निघाल्या, म्हणून सारख्या लांबीचा अख्खा सेट घेतला. फायबर प्लेटा रात्रभर तेलात बुडवून मग बसवल्या. कव्हर लावण्याआधी एकाने लिव्हर ओढून धरला, दुसऱ्याने किक हळू फिरवली आणि केसवर तार टेकवून प्रेशर प्लेट डुलते का पाहिलं. तार आणि प्लेट यांतलं अंतर फेरीभर जवळजवळ सारखं राहिलं.

रोटर परत बसवताना स्टेटरशी चहूबाजूंनी किमान ०.२ मिलिमीटर फट हवी, ती फीलरने तपासून घ्या. कव्हरची रबरी रिंग नवी टाकली. गळती थांबवायला तो मधला नट जोर लावून आवळू नये, कव्हर वाकतं आणि मग कायमचं गळतं. तेल लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. कारसाठीचं घर्षण कमी करणारं तेल इथे अजिबात चालणार नाही.

आत्ताची स्थिती अशी. थंड गाडी सुरू करण्याआधी क्लच ओढून दोन किका मारल्या की प्लेटा सुटतात आणि पहिला गिअर मऊ पडतो. पसरणी घाट पिलियनसकट तिसऱ्यात चढला, घसरण नाही. सिग्नलला न्यूट्रल पायानेच सापडतं, न्यूट्रल फाइंडरची (थेट न्यूट्रलला नेणाऱ्या वेगळ्या खटक्याची) गरज पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कधीकधी खोटं न्यूट्रल लागतं, म्हणजे कुठलाच गिअर बसत नाही, पण ते क्लचचं काम नाही. त्याच इन्स्पेक्शन कव्हरमागे गिअरच्या हालचालीची हद्द ठरवणारी स्टॉप प्लेट दोन स्क्रूंवर सरकते, पुढच्या रविवारी तीच जुळवायला घेतो.