ग्लोव्हज नेमके कोणासाठी?

वॉर्डात एचआयव्हीचा पेशंट ॲडमिट झाला की पहिली गोष्ट काय होते सांगू, ग्लोव्हजचा बॉक्स झपाट्याने संपतो. एकावर एक दोन जोड चढवून लोक त्याच्याजवळ जातात आणि तेच ग्लोव्हज न काढता शेजारच्या बेडची सलाईन बघतात, मोबाईल उचलतात, दाराची कडी धरतात. मी नाशिकमध्ये इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर म्हणून काम करते, हे बघितलं की डोकंच सटकतं माझं.

अरे, हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही हे शाळेतली पोरंही सांगतील आता. सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत पीईपीची, म्हणजे संसर्ग टाळायला घ्यायची, औषधं सुरू करता येतात, तीही जितकी लवकर तितकी चांगली. आणि २०१७ चा कायदा आहे, पेशंटच्या संमतीशिवाय त्याचा आजार चारचौघांत सांगता येत नाही, तरी बेडवर खूण करायची हौस काही जणांची जात नाही. खरं तर धोका उलटा आहे. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, घसरलेल्या त्या माणसाला आपल्यापासून जपायचंय, आपल्या न धुतलेल्या हातांपासून आणि पलीकडे खोकणाऱ्यापासून.

टीबीचंच घ्या. जगभरात एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांचे सगळ्यात जास्त मृत्यू आजही टीबीनेच होतात. त्यामुळे खोकणाऱ्याला मास्क द्यायचा, शक्यतो वेगळं ठेवायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. पण डिसेंबरात निफाडला पारा उतरला की इकडे नातेवाईक सगळ्या खिडक्या लावून वर फटीत टॉवेल कोंबतात, मी उघडते, ते लावतात, असं रात्रभर चालतं. चादर अजून एक घ्या ना बाबांनो!

दुसरं म्हणजे नळ्या. लघवीची नळी असलेल्या आजोबांना एक्स-रेला न्यायचं असतं, स्ट्रेचरवर घेतात आणि पिशवी सोयीची म्हणून पोटावर ठेवतात, झालं, पिशवीतली लघवी नळीतून परत आत. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि राउंडला डॉक्टर आले की बिनधास्त विचारा, "सर, ही नळी आज लागतेय का अजून?" मानेतल्या लाईनबद्दलही, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीबद्दलही, विचारा. जितके दिवस नळी आत तितका इन्फेक्शनचा चान्स जास्त, आणि गडबडीत ती काढायची राहून जाते हो, खोटं कशाला बोलू. हातांना सॅनिटायझर बहुतेक वेळा चालतो पण अँटिबायोटिक्सनंतर जुलाब लागलेला पेशंट असेल तर साबण-पाणीच, असे जुलाब करणाऱ्या एका जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

डिस्चार्जनंतर दुसराच घोळ. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, मिळतात त्या सेंटरवर सीडी-४ ३५० च्या खाली असलेल्यांना कोट्रायमॉक्साझोल देतात, आपली जुनी सेप्ट्रान, न्यूमोसिस्टिस नावाच्या घातक न्यूमोनियापासून वाचवते ती. पण दिंडोरीकडे द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की औषधाला यायचं म्हणजे एक रोज बुडतो, अंगात ताकद आलेली असते, मग "आता बरंय की सिस्टर" म्हणून गोळ्या बंद! बरं वाटतंय ते त्या गोळ्यांमुळेच वाटतंय ना दादा. सेप्ट्रान कधी थांबवायची ते सीडी-४ बघून सेंटरवाले सांगतील, आणि एआरटी तर सोडायचीच नाही. सेंटरला फोन करा, येणं जमत नाही म्हणून सांगा, पण डोस चुकवू नका. फोन नंबर नसेल तर १०९७ ही फ्री हेल्पलाइन आहे.

आणि सीडी-४ कमी असताना डोकं दिवसेंदिवस दुखतंय, ताप आहे, उलट्या होतायत, तर मेडिकलमधून गोळी आणून झोपू नका, मेंदूच्या आवरणाला बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, लगेच दवाखाना गाठा. तसंच एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, मानेला गाठी आल्या की "औषध बाधलं" म्हणून घरचेच गोळ्या बंद करतात. बऱ्याचदा प्रतिकारशक्ती जागी होऊन आत लपलेल्या टीबीवर तुटून पडलेली असते. त्याला उपचार आहेत, त्यामुळे गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी सेंटरला जा.