टाळ्या वगळलेल्या मैफली

किंग क्रिम्सन या इंग्लिश बँडच्या चाहत्यांमध्ये एक वाद सतत धुमसत असतो. 2003 मध्ये आलेल्या 'द पॉवर टू बिलीव्ह'नंतर या बँडने स्टुडिओत बसून एकही नवा अल्बम केला नाही, तरी 2014 ते 2021 या काळात त्याने अनेक देशांत दौरे केले आणि त्या दौऱ्यांची ध्वनिमुद्रणे एकामागून एक प्रसिद्ध होत राहिली. स्टुडिओ अल्बमांच्या यादीवरून बँडचे आयुष्य मोजणाऱ्यांना ही वर्षे म्हणजे जुन्या पुण्याईवर चाललेला कारभार वाटतो. मला मात्र उलट वाटते. या बँडचे खरे काम रंगमंचावरच घडत आले आणि स्टुडिओतले अल्बम हे बहुतेक वेळा त्या कामाचे एका विशिष्ट तारखेला काढलेले छायाचित्र होते, असे मी मानतो, आणि त्यासाठी माझ्याकडे सर्वांत भक्कम पुरावा आहे तो 1974 सालचा.

त्या वर्षी आलेला 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' हा अल्बम रीतसर स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला आणि अनेकांनी तो वर्षानुवर्षे तसाच ऐकला. प्रत्यक्षात त्यातल्या दोनच रचना संपूर्णपणे स्टुडिओत मुद्रित झालेल्या आहेत. उरलेल्या बऱ्याचशा भागाचा पाया 1973 च्या दौऱ्यातल्या मैफलींचा, त्यातही ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात 23 नोव्हेंबर रोजी झालेल्या मैफलीचा आहे. टाळ्या आणि श्रोत्यांची कुजबुज तेवढी काढून टाकली गेली. त्या रात्रीचे 'ट्रायो' हे वादन पूर्णपणे उत्स्फूर्त होते. डेव्हिड क्रॉसचे व्हायोलिन, जॉन वेटनचा बास आणि बँडचा सूत्रधार व गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याचे मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले स्वर वाजवणारे कळफलकाचे वाद्य) एकमेकांचा कानोसा घेत हळूहळू पुढे सरकत असताना ड्रमर बिल ब्रूफर्ड हातातल्या काठ्या छातीशी आडव्या धरून स्वस्थ बसून राहिला, कारण आपण काहीही वाजवले तरी या संगीताला बाधच येईल, हे त्याने ओळखले होते. अल्बमवर त्या रचनेचे श्रेय चौघांनाही मिळाले, आणि न वाजवण्याच्या त्या निर्णयाचे मोल बाकी तिघांनी जाणले होते, हेच त्याचे कारण. 'ट्रायो' हेडफोनवर ऐकताना आता मला त्या न वाजलेल्या ड्रमचीच चाहूल अधिक लागते.

बँडची कुंडलीच अशी होती, की स्टुडिओला त्याच्या मागे धावावे लागे. 13 जानेवारी 1969 रोजी लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका तळघरात पहिली तालीम झाली, 5 जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी त्यांनी अफाट जनसमुदायापुढे वादन केले, 10 ऑक्टोबरला 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' हा पहिला अल्बम बाजारात आला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच इयन मॅकडॉनल्ड आणि मायकेल जाइल्स या संस्थापक वादकांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. एका वर्षात सगळे घडले आणि मोडलेही. 1970 चा 'लिझर्ड' ज्या वादकसंचाने केला, तो संच तर एकही मैफल न करता विखुरला. 1974 मध्ये 'रेड' प्रसिद्ध होण्याच्या सुमारास फ्रिपने बँडच बरखास्त केला. वादक असे येत-जात राहिले, की बहुतेक संचांची परिपक्व अवस्था अल्बमवर येण्याआधी दौऱ्यातच येऊन जाई, आणि म्हणूनच या बँडच्या चाहत्यांना टेपांच्या शोधाचे इतके वेड लागले असावे.

त्या वेडाचा पहिला मोठा घास म्हणजे 1972 चा 'अर्थबाउंड'. त्या वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यातले वादन साध्या कॅसेटवर टिपलेले होते आणि त्याचा आवाज इतका चिरका, फाटका होता, की अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत तो अल्बम काढायलाच नकार दिला. तांत्रिक दृष्टीने कंपनीचे चूक नव्हते. तरीही मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन त्या कॅसेटच्या मर्यादेवर धडका मारतो तेव्हा जी झिंग येते, ती त्याच संचाच्या 'आयलंड्स' या नीटनेटक्या स्टुडिओ अल्बममध्ये शोधूनही सापडत नाही.

आता 2014 नंतरच्या संचाकडे येतो, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. फ्रिपने नेहमीची मांडणी उलटी केली. पॅट मॅस्टेलोटो, बिल रीफ्लिन आणि गॅव्हिन हॅरिसन हे तीन ड्रमर रंगमंचाच्या अगदी पुढच्या रांगेत, आणि मागच्या उंच चौथऱ्यावर मेल कॉलिन्स, बासवादक टोनी लेविन, गायक-गिटारवादक जॅको जॅक्झिक आणि स्वतः फ्रिप. पुढे जेरेमी स्टेसीही संचात आला. चार दशकांपूर्वी बँड सोडून गेलेला कॉलिन्स परत आला, ही गोष्ट जुन्या चाहत्यांना विशेष भावली. वरवर पाहता हा भूतकाळाचा उत्सव होता, पण ऐकताना तसे वाटत नाही. 1981 मध्ये बँड पुन्हा उभा राहिला तेव्हाचा गायक एड्रियन बेलूने जवळजवळ बोलून सादर केलेल्या 'इनडिसिप्लिन'ला जॅक्झिकने चाल लावून ते गायले, 'लिझर्ड'मधला जो भाग पूर्वी कधी रंगमंचावर आलाच नव्हता तो अखेर वाजला, आणि तीन ड्रमरांनी एकच ताल आपसांत असा वाटून घेतला, की कोणता ठोका कोणाचा हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळू नये. मॅस्टेलोटोच्या वाट्याला पत्र्याचे, लाकडाचे, घंटांचे जे विचित्र आवाज आले, त्यांत 1973 च्या 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' या अल्बममधल्या तालवादक जेमी म्यूरच्या वादनाची ओळख पटते.

'रेड'मधली 'स्टारलेस' ही रचना याचे सर्वांत चांगले उदाहरण. मूळ रचना सव्वाबारा मिनिटांची आहे, आणि तिच्या मधल्या भागात बास तेरा मात्रांचे आवर्तन घोळवत असताना गिटार कितीतरी वेळ जवळजवळ एकाच स्वरावर अडून राहते. तो स्वर हळूहळू वर चढतो, ताण वाढत जातो आणि शेवटी सगळा बँड एकदम कोसळल्यासारखा आत येतो. नंतरच्या दौऱ्यांत या भागात रंगमंचावरचा प्रकाश अगदी सावकाश लाल होत जाई. बँडने इतर वेळी प्रकाशयोजनेचा भपका कटाक्षाने टाळला असल्यामुळे त्या एका लाल रंगाचा परिणाम फार मोठा होत असे.

2016 मध्ये 'रॅडिकल ॲक्शन' हा तीन सीडींचा संच आला तेव्हा चाहत्यांत खरी दुफळी माजली. 2015 च्या दौऱ्यातल्या मैफलींमधून श्रोत्यांचा आवाज पुन्हा एकदा काढून टाकलेला होता. काहींना ही फसवणूक वाटली, कारण मैफल म्हटली की टाळ्या हव्यातच. माझ्या मते हा 1974 च्याच युक्तीचा पुढचा, आणि या वेळी उघडपणे टाकलेला टप्पा होता, म्हणजे ज्या संचाने स्टुडिओ अल्बम केला नाही, त्याचा स्टुडिओ अल्बम हाच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले टोरांटोच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण मला ऐकायला अधिक आवडते, हे मात्र मान्य करायला हवे. सभागृहाची हवा त्यात शिल्लक आहे.

पुनर्प्रकाशनांचा विषय निघाला की चर्चा लवकर तापते. पहिल्या अल्बमच्या सुरुवातीच्या सीडी नकलेच्या नकलेवरून काढलेल्या होत्या. मूळ स्टीरिओ मास्टर टेप उशिरा हाती लागली आणि 2004 च्या आवृत्तीत तिचा उपयोग झाला. 2009 पासून स्टीव्हन विल्सन या इंग्लिश संगीतकाराने मल्टिट्रॅक टेपांवरून, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित असलेल्या टेपांवरून, जुन्या अल्बमांचे नवे स्टीरिओ आणि सराउंड मिक्स, म्हणजे त्या आवाजांची नवी जुळणी, करायला घेतले. 'लिझर्ड'मध्ये एकमेकांच्या अंगावर चढलेली वाद्ये त्याने मोकळी केली आणि ज्या अल्बमकडे फ्रिप स्वतः नाकं मुरडत असे, त्याविषयीचे त्याचे मतही त्यानंतर बदलले. पण पहिल्या अल्बममधल्या 'मूनचाइल्ड'चे काय? त्यातला मुक्त वादनाचा लांबलचक भाग नव्या मिक्समध्ये कापून रचना बारा मिनिटांवरून नऊवर आणली गेली. तो भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो, मलाही कधीकधी वाटतो, तरी 1969 च्या माणसांनी जो कंटाळा जाणूनबुजून ठेवला तो 2009 मध्ये कापण्याचा अधिकार कोणालाही नाही, अगदी फ्रिपलाही नाही, असे माझे मत आहे. नव्या मिक्सबरोबर जुना मिक्सही दिलेला असतो, एवढ्यावर मी समाधान मानतो.

यापेक्षा नाजूक प्रकरण 2000 च्या 'द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट'चे आहे. नव्याने मिक्स करायला घेतले तेव्हा ड्रमची काही मूळ मुद्रणे सापडेनात, म्हणून मॅस्टेलोटोने ड्रम पुन्हा वाजवले आणि 2019 मध्ये हा अल्बम थोड्या बदललेल्या नावाने आला. नवा आवाज अधिक जिवंत आहे यात शंका नाही, आणि वाजवणारा माणूस तोच असल्यामुळे माझी तक्रारही नाही.

राहिले ते अवाढव्य बॉक्स सेट. 'द रोड टू रेड'मध्ये 24 डिस्क आहेत आणि 'स्टारलेस' नावाच्या संचात 27. एकाच दौऱ्यातल्या लागोपाठच्या रात्री, तीच गाणी, तोच क्रम. पैसे उकळण्याचा धंदा अशी टीका होते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण या रात्रींमध्ये तीच गाणी वाजत असली तरी त्यांच्या मधली उत्स्फूर्त वादने रोज वेगळी असतात, आणि ती ओळीने ऐकली की एखादी कल्पना एका गावात सुचून पुढच्या गावी कशी रुजते, हे कळू लागते. ज्यांना इतका सोस नाही, त्यांनी 1973-74 साठी 1992 चा चार सीडींचा 'द ग्रेट डिसीव्हर' ऐकावा. त्याने पुरेसे भागते.

गंमत अशी, की मैफलींचा एवढा साठा जपणाऱ्या या बँडने श्रोत्यांना मात्र ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रण सक्तीने बंद ठेवले होते. अगदी शेवटी टोनी लेविनने स्वतःचा कॅमेरा उचलला की श्रोत्यांनीही फोन बाहेर काढायचे, असा संकेत होता. तरीही श्रोत्यांनी एकेकाळी चोरून केलेली काही मुद्रणे फ्रिप आणि डेव्हिड सिंगलटन यांच्या डीजीएम कंपनीने पुढे अधिकृतपणे विकायला ठेवली. चोरट्यांवर रागही धरायचा आणि त्यांच्या टेपाही वापरायच्या, यातली विसंगती फ्रिपच्या ध्यानात आली नसेल असे मला वाटत नाही.

8 डिसेंबर 2021 रोजी टोकियोत 'स्टारलेस' वाजवून त्या संचाचे दौरे थांबले. 2024 मध्ये बेलू आणि लेविन यांनी गिटारवादक स्टीव्ह वाय आणि ड्रमर डॅनी केरी यांना सोबत घेऊन 'बीट' या नावाने ऐंशीच्या दशकातली गाणी पुन्हा रंगमंचावर आणली, तेव्हा याला किंग क्रिम्सन म्हणायचे की नाही यावर नवा वाद पेटला. फ्रिप त्यात नसल्यामुळे मी त्याला किंग क्रिम्सन म्हणणार नाही. मात्र त्या दौऱ्याचे ध्वनिमुद्रण माझ्या कपाटात ठेवायचे झाले, तर ते क्रिम्सनच्याच कप्प्यात जाईल.