रिलीफ पिचरचं मोल कशावरून ठरवायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

बेसबॉलचा विषय निघाला की क्रिकेटवाली मंडळी मला हमखास विचारतात, "सामन्यात जेमतेम एक इनिंग टाकणाऱ्या पिचरचं एवढं कौतुक कशाला? आणि तो खरंच चांगला आहे हे ओळखायचं कसं?" बुमराहची शेवटची दोन षटकं जीव मुठीत धरून पाहणाऱ्यांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी काय सांगणार! दुसरा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि मला तो मनापासून आवडतो.

पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. सामना नऊ इनिंगचा, आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आपापले तीन आऊट होईपर्यंत खेळतात. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकून थकला की पुढे रिलीफ पिचर येतात. आघाडी राखून सामना संपवणारा तो क्लोजर. त्याच्या नावापुढे 'सेव्ह' लागतात. ही मोजणी शोधली शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी. १९५९ साली पिट्सबर्गचा रिलीफ पिचर एलरॉय फेस १८ सामने जिंकला आणि एकच हरला. पण त्यातल्या काही सामन्यांत हातातली आघाडी त्यानेच घालवली होती, मग त्याच्या संघाने पुन्हा रन काढून सामना जिंकला आणि विजय फेसच्या खात्यात गेला. होल्ट्झमन यांना हे खटकलं. १९६९ पासून सेव्ह अधिकृत झाली.

हेतू चांगला होता, पण नियम फार सैल आहे. नवव्या इनिंगला तीन रनांची आघाडी घेऊन या, दोन रन द्या, तरी सेव्ह तुमचीच. अशा आघाडीवर शंभरातले साधारण ९७ सामने संघ एरवीही जिंकतातच. उलट आठव्या इनिंगला एका रनाची आघाडी, तिन्ही बेस भरलेले (म्हणजे रन काढायला टपलेले तीन खेळाडू), एकही आऊट नाही, अशा वेळी येऊन जो तिघांना आऊट करून जातो, त्याला सेव्ह मिळत नाही, कारण सामना दुसराच कोणी संपवतो. शिवाय आधीच बेसवर असलेल्या खेळाडूंना त्याने रन काढू दिले, तर ते रन आधीच्या पिचरच्या सरासरीत (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांत) जातात. म्हणजे संकट निवारलं किंवा वाढवलं, दोन्ही त्याच्या आकड्यांत दिसत नाही.

म्हणून मी आधी विजयाची शक्यता पाहतो. पिचर आला तेव्हा संघ जिंकण्याची शक्यता किती होती आणि तो गेला तेव्हा किती झाली, हा फरक वर्षभर बेरजेत धरायचा. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक टॉम टँगो यांनी याच्या जोडीला प्रसंग किती निर्णायक होता याचा निर्देशांक दिला: सरासरी प्रसंग म्हणजे १, त्याहून वर जितका आकडा, तितका सामना त्या क्षणावर टांगलेला.

२०१६ साली बॉल्टिमोरचा क्लोजर झॅक ब्रिटन याने ६७ इनिंगमध्ये ०.५४ ची सरासरी राखली आणि ४७ पैकी ४७ सेव्ह केल्या. ४ ऑक्टोबरला टोरोंटोत बाद फेरीचा एकच सामना, हरलात की घरी. २-२ अशी बरोबरी, अकरावी इनिंग. परक्या मैदानावर अशा बरोबरीत एक रन दिला की सामना संपतो, यापेक्षा निर्णायक प्रसंग कोणता? पण आघाडी नव्हती, म्हणून व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला आघाडीसाठी राखून ठेवलं. त्याच्याऐवजी आलेल्या उबाल्दो हिमेनेझला टोरोंटोच्या एडविन एन्कार्नासिओनने तीन रनांचा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारला. ब्रिटनने त्या रात्री एकही चेंडू टाकला नाही. सेव्हच्या व्याख्येने संघाचे निर्णय ठरवले की काय होतं, याचं माझ्या मते हे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. त्याच महिन्यात क्लीव्हलंडचे व्यवस्थापक टेरी फ्रँकोना आपल्या रिलीफ पिचर अँड्र्यू मिलरला गरज पडेल तेव्हा, अगदी पाचव्या इनिंगलाही आणत होते. त्याच टोरोंटोविरुद्धच्या मालिकेत मिलरने १४ जणांना स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, एकही रन दिला नाही आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण शक्यतेच्या बेरजेतही एक मेख आहे. तो निर्णायक क्षण पिचर स्वतः कमावत नाही, व्यवस्थापक त्याला देतो. क्लोजर जखमी झाला तर त्याच्या जागी थेट नवखा येत नाही. आठव्या इनिंगचा माणूस नवव्याला, सातव्याचा आठव्याला, आणि नवखा येतो तो सामना जवळपास निकाली निघालेला असताना. म्हणून खेळाडूचं एकूण मोल काढणाऱ्या 'वॉर' या मापनात रिलीफ पिचरला सरासरीहून वरच्या प्रसंगाचं श्रेय साधारण अर्धंच देतात: निर्देशांक २ असेल तर दीडपट. मला हा तोडगा पटतो. ब्रिटन साय यंग पुरस्कारात (वर्षाच्या सर्वोत्तम पिचरच्या) चौथा आला आणि सुरुवातीचा पिचर रिक पोर्सेलो जिंकला, त्यावर तेव्हा खूप वाद झाला. ६७ इनिंगचं काम दोनशेहून अधिक इनिंगच्या कामाला गाठू शकतं का, हाच त्या वादाचा गाभा होता.

पुढच्या वर्षासाठी कोणाला घ्यायचं असेल, तर मी यातलं फारसं काही पाहणार नाही. साठ-सत्तर इनिंगच्या नमुन्यात दोन वाईट रात्रीही सरासरी फुगवतात. तिथे स्ट्राइकआऊट किती आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) किती, हेच जास्त विश्वासाचं.

न्यूयॉर्कचा क्लोजर मारियानो रिवेरा २०१९ मध्ये शंभर टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. असा तो पहिलाच. लोक त्याच्या ६५२ सेव्ह सांगतात. मला त्याची बाद फेऱ्यांमधल्या १४१ इनिंगची ०.७० ही सरासरी जास्त बोलकी वाटते.