गुहागरच्या दवात ढोलकी

चिपळूण स्टेशनवर उतरलं की गुहागर अजून 45 किलोमीटर राहतं. स्टेशन गावाबाहेर, त्यामुळे एसटी स्टँडपर्यंत रिक्षा, आणि तिथून मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत दीड तास धरून चालायचं. पुण्याच्या एका चौघांच्या बँडचा कार्यक्रम येत्या थंडीत गुहागरजवळच्या एका वाडीत होतोय. नवा अल्बम आल्यानंतर किनाऱ्यावरचा हा पहिलाच. आवाजाची बाजू आमच्याकडे असल्यामुळे जागा बघायला आधी जाऊन आलो. येणाऱ्यांच्या आणि असा घाट घालणाऱ्यांच्या कामी येईल तेवढंच लिहितो.

मुंबईहून येणाऱ्यांना मांडवी किंवा कोकणकन्या बरी. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि शनिवार-रविवार जोडून आला तर त्याच सकाळी बसावं लागतं. पुण्याहून माणसं कुंभार्ली घाटाने येऊ शकतात. सामानाचा टेम्पो मात्र आम्ही ताम्हिणी, माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, खेड असा आणणार आहोत. दापोलीकडून येऊन दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडणं कारवाल्यांनी जरूर करावं, पण स्पीकर भरलेल्या टेम्पोने नाही. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार जास्त भरतो आणि लांब शेपटीच्या गाडीचा मागचा भाग घासतो.

बँडची पहिली इच्छा होती पुळणीवरच, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, पौर्णिमेच्या चांदण्यात वाजवायचं. फोटोला छान दिसलं असतं. पण कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी संपते, आणि साडेसहाला गाणं सुरू केलं तर पाणी कार्यक्रमाच्या अंगावरच चढत येतं, तेही उधाणाचं. त्याऐवजी पंचमी घ्या. पावणेचारला भरती, दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. कार्यक्रम संपवून लोक वाळूत उतरतील तेव्हा समोर मोकळी, ओली पुळण असेल. म्हणून दिवस पंचमीचा ठरला. कॅलेंडरमधल्या तिथीवरून काढलेली वेळ थोडी मागेपुढे होते, तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ता एकदा बघून घ्यावाच.

पुळण तरीही सोडली. एक तर कासवं. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. प्रखर उजेडाने त्या परत फिरतात, आणि पिल्लं उजेडाला समुद्र समजून उलट्या दिशेने चालू लागतात. दुसरं कारण वाऱ्याचं. दिवसभर खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. स्टेज समुद्राकडे तोंड करून बांधलं तर आवाज वाऱ्याविरुद्ध जातो आणि वर उचलला जातो. मागच्या रांगेला झांज आणि शब्दांची टोकं ऐकूच येत नाहीत. मग कोणीतरी ओरडतो, आवाज वाढवा. तो वाढवला की सूर्य मावळल्यावर वारा पडतो, थोड्या वेळाने जमिनीकडून मतलई सुरू होते, आणि तोच आवाज कानठळ्या बसवायला लागतो. दोन तासांत तीन वेळा पूर्ण मिक्स बदलणं हा काही उद्योग नव्हे.

तेव्हा जागा ठरली ती वाडीच्या मागचं पटांगण. इथे शिमग्याला नमनाचा खेळ होतो, गणपतीत जाखडीचा नाच. तिन्ही बाजूंना माड आणि सुपारी, एका अंगाला जांभ्या दगडाचा गडगा. झाडीमुळे वारा मोडतो आणि आवाज भिंतीवर आदळल्यासारखा परतत नाही. गावातल्या लोकांनी कार्यक्रमांसाठी हीच जागा का ठेवली असेल हे पाच मिनिटं टाळ्या वाजवून बघितल्या की कळतं.

आता अल्बमबद्दल. वाडीतल्या पोरांनी, चिपळूणच्या कॉलेजातल्या चाहत्यांनी आणि जाखडीत ढोलकी धरणाऱ्या एका बुवांनी तो ऐकलेला होता, आणि मतं अगदी टोकाची. अर्ध्या लोकांचं म्हणणं, ढोलकी पार पातळ झाली. उरलेले म्हणतात, उलट पहिल्यांदाच धुम, म्हणजे ढोलकीची खर्जाची बाजू, स्वच्छ ऐकू येते. चौकशी केल्यावर फरक कानांचा निघाला नाही, यंत्रांचा निघाला. पातळ म्हणणारे फोनच्या स्पीकरवर ऐकत होते. तो स्पीकर साधारण 200 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच वाजवत नाही, आणि धुमेचा घुमारा 100 च्या आसपास असतो. ती बाजू गेली की उरते नुसती चाट, म्हणजे वरच्या सुराची बाजू. एसटीत इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना ती पुरेपूर मिळाली. भांडण मिटवायला एकाच गाण्याचे तेच पंधरा सेकंद दोन्हीवर लावून दाखवावे, आम्ही तेच केलं.

बुवांची तक्रार मात्र यंत्राची नव्हती, आणि मला ती जास्त पटली. "गाना बरा हाय, पन लय चढत नाय," एवढंच ते बोलले. जाखडीत गायक मध्ये बसतात, बाल्ये, म्हणजे नाचणारे, भोवती फेर धरतात, आणि कडव्यागणिक लय चढत जाते. शेवटी पाय आणि घुंगरू एकमेकांना ओढत नेतात. अल्बम क्लिकवर रेकॉर्ड झाला आहे, म्हणजे कानात मेट्रोनोम लावून. पहिल्या ठोक्याला जो वेग, तोच शेवटच्या. आधीच्या अल्बमच्या चाहत्यांना हेच नेमकं खुपतंय, फक्त त्यांना नाव सापडत नाही, म्हणून ते "जीव नाही" म्हणतात. कार्यक्रमात शेवटची दोन गाणी क्लिक बंद करून वाजवायचं ठरलंय. त्याची किंमत आहे: लॅपटॉपवरचे तयार ट्रॅक त्या गाण्यांत चालणार नाहीत, आणि दिवे हाताने मारावे लागतील. परवडेल.

ढोलकीचं खरं संकट दव आहे. साडेआठनंतर पटांगणात हात फिरवला तर खुर्ची ओली लागते. चामडं ओलावा पितं, सैल पडतं, आणि काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावलेली ढोलकी गाण्याच्या मध्येच अर्धा सूर उतरते. गायक मग नकळत तिच्या मागे उतरतो आणि गिटार एकटी वर राहते. उपाय: ढोलक्या दोन, सारख्याच लावलेल्या. एक वाजत असताना दुसरी झाकण असलेल्या लाकडी खोक्यात, आत 40 वॉटचा साधा पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, त्यात ऊब नसते. बल्बपासून वीतभर अंतर ठेवावं, नाहीतर चामड्यावरची शाई तडकते. दर तीन गाण्यांनी अदलाबदल. माइक दोन, धुमेला चार बोटांवर आणि चाटेला जरा तिरका. एकाच माइकवर दोन्ही बाजू घ्यायला गेलं की चाटच जिंकते.

गिटारचं उलट होतं. लाकूड फुगतं, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, बोटं दुखतात. तारा आवरणवाल्या घ्याव्या, साध्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत करकरतात. एसी गाडीतून काढलेली गिटारची पेटी लगेच उघडू नये, अर्धा तास तशीच सावलीत ठेवावी. गार वस्तूवर घाम धरतो. मिक्सर चारच्या सुमाराला सुरू केला की शेवटपर्यंत बंद करायचा नाही. आतली ऊब दव बसू देत नाही. वरून सुती चादर, तिच्यावर छत्री. प्लॅस्टिक थेट गुंडाळलं तर आतूनच पाणी सुटतं.

विजेचं लिहायला हवं, कारण कोकणात निम्मे कार्यक्रम इथेच बिघडतात. वाडीच्या सिंगल फेज विजेचा दाब सातनंतर खाली बसतो. आम्ही 30 केव्हीएचा सायलेंट जनरेटर गडग्याच्या पलीकडे, स्टेजपासून निदान 30 मीटरवर लावतोय. अर्थिंगची सळई जांभ्यात शिरत नाही. जिथे माती मऊ लागते तिथे कंबरभर खड्डा खणून कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, आदल्या दिवशी दोन घागरी आणि कार्यक्रमाच्या तासभर आधी पुन्हा दोन घागरी पाणी ओतायचं. हे टाळलं की गिटारच्या अॅम्पमधून हूंऽऽ असा आवाज येत राहतो, आणि दोष उगाच वादकाच्या केबलला जातो. अर्थिंग नीट नसेल तर धोका नुसता आवाजाचा नाही, ओल्या पायांनी माइक धरणाऱ्याच्या जिवाचाही आहे.

मागच्यांसाठी दोन जादा स्पीकर 35 मीटरवर. आवाजाला ते अंतर कापायला साधारण 100 मिलिसेकंद लागतात. या स्पीकरांना तेवढा उशीर आणि वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद द्यावा, म्हणजे गाणं स्टेजवरूनच येतंय असं वाटतं.

साडेसहाला सुरू, पावणेदहाला शेवटचं गाणं. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा सन 2000 चा नियम आहे आणि वाडीत म्हातारी माणसं आहेत. वाडीत फोनची रेंज येते-जाते, तिकिटाचा फोटो आधीच काढून ठेवा आणि रोख जवळ असू द्या. रात्री परतीच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, गावात घरगुती सोय आधी सांगून ठेवावी लागते. आणि कार्यक्रमानंतर पुळणीवर गेलात तर मोबाइलची बॅटरी पेटवू नका. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात.