साखरेच्या वड्या

आईची पर्स यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. सुरक्षारक्षकानं पडद्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पर्समध्ये अडकित्ता होता. "सुपारीचा आहे हो," आई म्हणाली. त्यानं तो दोन्ही हातांनी, देवाचं उपकरण उचलावं तसा उचलून बाजूला ठेवला आणि जाताना परत न्यायला सांगितलं. २०११ साली, दुरुस्तीनंतर पहिल्यांदा आम्ही ताजमध्ये पाऊल टाकलं ते असं.

त्याआधी गेलो होतो १९९४ मध्ये, माझ्या पहिल्या पगारात. फोर्टातल्या ऑफिसात असल्यामुळे ती इमारत अधूनमधून बाहेरून दिसायची, आणि पगार झाला की आई-बाबांना तिथेच न्यायचं हे मनात पक्कं होतं. बाबांनी लग्नाकार्याचा सफारी चढवला. दरवानानं सलाम ठोकला, तर यांनी उलट हात जोडले. पहिल्या मजल्यावर सी लाउंजमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. खाली गेटवे, घारापुरीला निघालेल्या लाँची, कबुतरं. बाबांनी मेन्यूकार्ड उजवीकडून, म्हणजे किमतीकडून वाचायला घेतलं आणि वेटरला खालच्या आवाजात विचारलं, "चहा वन बाय टू होईल का?"

वेटर हसला नाही. त्या हॉटेलचं सगळ्यात मोठं वैभव मला अजून तेच वाटतं. घुमट वगैरे नंतर.

निघताना आईनं साखरेच्या दोन चौकोनी वड्या रुमालात बांधल्या. शेजारणींना दाखवायला. मग त्या आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, पितळी हत्तीशेजारी जाऊन बसल्या. पहिल्या पावसाळ्यात मुंग्यांना पत्ता लागेपर्यंत तिथेच होत्या.

२६ नोव्हेंबर २००८ ला बाबा नव्हते. आई आणि मी टीव्हीपुढे. घुमटाजवळून धूर निघताना बघून ती एवढंच म्हणाली, "तो वेटर अजून तिथेच असेल का गं?" ताजमध्ये ३१ माणसं गेली. टॉवरची बाजू महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला उघडली. जुनी, महालाची बाजू सावरायला मात्र वेळ लागला. ती उघडली १५ ऑगस्ट २०१० ला.

तेव्हापासून जो तो सांगत होता, "अगदी पूर्वीसारखं केलंय." मला या वाक्याची गंमत वाटते. पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. तेव्हा समोर गेटवे नव्हताच, तो पुरा झाला १९२४ मध्ये. पहिल्या महायुद्धात इथे इस्पितळ होतं. टॉवर आला १९७० च्या दशकात. आणि मुख्य म्हणजे दारच फिरलं. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनं होता, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे. यावरूनच ती लाडकी अफवा निघाली, की वास्तुविशारदानं परत येऊन पाहिलं तर इमारत उलटी बांधलेली, म्हणून त्यानं जीव दिला. छे! आराखडा केला सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. काम पुरं व्हायच्या आत वैद्य वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं ते तडीला नेलं. वैद्यांचं नाव आपल्या लोकांना ठाऊक नसतं, अफवा मात्र तोंडपाठ.

तर माझं 'पूर्वीसारखं' म्हणजे १९९४ ची एक दुपार, आणि ती बघायला मी आईला घेऊन आले होते. जिन्यापाशी मान वर करून मी नवं काय, जुनं काय याची उलटतपासणी करत होते. गालिचा हाच होता का? खुर्च्यांचं कापड नक्कीच नवं. पियानोवर कुणीतरी वाजवत होतं, ते तेव्हाही होतं. की ते मी मागाहून आठवणीत घातलं?

आई यातलं काही बघत नव्हती. ती थेट खिडकीशी जाऊन बसली. शेवपुरीची किंमत वाचून म्हणाली, "एवढ्यात दादरला अख्खा ठेला येईल." तरी मागवली, आणि चटणी तिखट नाही म्हणत संपवली. मग चहा आला. तिनं भांड्याचं झाकण उचललं आणि आत डोकावली.

"आहेत," ती म्हणाली.

बास, तिच्यापुरती दुरुस्ती पास झाली होती. खरं तर तिला साखर बंद होऊन सहा वर्षं झाली होती. चहा बिनसाखरेचाच प्यायली. मग रुमाल काढला, चिमट्यानं एक वडी उचलली आणि गाठ मारली.

"या वेळी एकच?"

"दोन ठेवू कुठे? शोकेस तू काढून टाकलंस."

गेल्या दिवाळीत मी घर नवं करून घेतलं होतं. हॉलमध्ये आता भिंतभर बंद कपाटं आहेत, हात लावला की आपोआप मिटणारी. सगळे म्हणाले, छान मोकळं झालं. आईही म्हणाली होती.

जाताना रक्षकानं अडकित्ता आठवणीनं परत दिला. आईनं तो पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "पितळी हत्ती कुठाय गं?"

मला सांगता येईना.